पत्र्यावर न वाजलेला पाऊस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना निम्मं माहीत आहे — आणि ह्यांना तर मी कढी फुटली तरी वर्कशॉपमध्ये फोन करून सांगते. अहमदपूरच्या धाकट्या बहिणीला पाव माहीत आहे. सगळं कुणालाच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर निदान त्या दिवशी सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांत नसा म्हणजे झालं.

टाळ्यांचं आधी सांगून टाकते. मध्यंतरी इथे लातुरात बायकांच्या एका कार्यक्रमात मला स्टेजवर बसवलं होतं. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. विषय असा की म्हातारपणी ज्यांचं विसरणं वाढत जातं, त्यांच्याशी घरच्यांनी बोलावं कसं. मी काही डॉक्टर नाही. कोचिंगला आलेल्या मुलींना राहायला खोल्या देते, त्यांची मेस चालवते. वरणाला फोडणी कधी द्यायची एवढंच मला इतरांपेक्षा जास्त कळतं. पण माझ्या वडिलांना, बापूंना, हा आजार होता. शेवटची सहा-सात वर्षं मी त्यांना कसं सांभाळलं ते सगळ्या गल्लीनं पाहिलेलं. म्हणून मला बोलावलं. मीही गेले की नवी साडी नेसून.

आणि बोलले फार छान. माझंच मला कौतुक वाटलं. म्हातारं माणूस म्हणालं बैल सुटला, तर बैल विकून वीस वर्षं झाली असं सांगत बसू नका. म्हणा, बांधून आले. त्यांना ओढून आपल्या जगात आणू नका, आपण त्यांच्या जगात जाऊन बसा. बायका डोळे पुसत होत्या. मग एकीनं उभं राहून विचारलं — ताई, त्यांच्याशी पहिलं खोटं तुम्ही कधी बोललात हो? मी म्हटलं, जेव्हा त्यांना खरं पेलेना झालं, तेव्हा. वाक्य तिथल्या तिथे सुचलेलं. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, लेक असावी तर अशी. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

सल्ला चुकीचा नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी तोच देते. शालही चांगली ऊबदार आहे. पण ते पहिल्या खोट्याचं — ते साफ खोटं होतं. बापूंना खरं तेव्हा छान पेलत होतं. अडचण माझी होती.

बापू कोण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बापू गवंडी होते. किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीच्या माळवदाचं ओझं, अशी घरं बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोरीचा ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघायचे, मग बोटांच्या सांध्यांनी ठोकायचे आणि कान लावायचे. आत कुठे पोकळ राहिलं असेल तर बरोबर तिथं बोट ठेवायचे. म्हणायचे, भिंत बोलती, आपुन आयकायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील भिंतींशी बोलतात.

मग भूकंप झाला. बापू रानात भुईमुगाची राखण करायला गेले होते, म्हणून वाचले. आई त्याच्या आधीच गेलेली, माझं लग्न झालेलं. सकाळी गावात परत आले, तर गाव म्हणजे दगडांचे ढीग. त्यातले निम्मे दगड त्यांनी स्वतः निवडून बसवलेले. गावात कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. सगळीकडे भिंती तशाच होत्या, सगळ्याच गवंड्यांच्या पडल्या. पण बापूंनी त्या दिवसापासून थापी हातात धरली नाही. ओळंबा तेवढा बंडीच्या खिशात राहिला.

सरकारनं नव्या गावात घर दिलं, तिथं एकट्याचं मन लागेना. मी म्हटलं, लातूरला चला. आता आमच्याकडे बाप लेकीच्या घरी जाऊन राहत नाही. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पितात. दोन वर्षं मी मागे लागले. शेवटी आले ते एक अट घालून.

"लेकीच्या घरी ऱ्हायाचं म्हंजे मला लाजच हाय," म्हणाले. "पन तू म्हनून राहिलीस तर येतो. यकच कर. डोक्यावर पत्राच ऱ्हाऊ दे. माझ्या डोक्यावर बी कुनी नको, आन् माझ्यापायी कुनाच्या डोक्यावर बी काही नको."

आमचं घर तेव्हा पत्र्याचंच होतं. पत्रा नवा घ्यायला बळ नव्हतं, तिथे मजला कोण चढवतंय? मी खुशाल शब्द दिला. तुम्ही आहात तोवर पत्रा. शब्द द्यायला तेव्हा काय लागत होतं?

पाऊस आला की पत्रा असा वाजायचा की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये. आम्ही वैतागायचो. बापू मात्र खाटेवर आडवे होऊन हसायचे. म्हणायचे, पत्रा वाजला की समजायचं, वर आभाळच हाय. आणि त्या गोंगाटात गाढ झोपायचे. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे लातूरचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. गल्लोगल्ली क्लास. नांदेडकडून, धर्माबादकडून, कुठून कुठून पोरी पेट्या-गाद्या घेऊन उतरायला लागल्या, आणि मागून त्यांचे वडील खोली शोधत. आमच्या गल्लीत एकेक घर वर चढायला लागलं. समोरच्यांनी दोन मजले चढवले, बाहेर पाटी लावली. आता मी इथे म्हणू शकते की आम्ही अडचणीत होतो. नव्हतो. ह्यांना एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी होती, दोन वेळचं नीट होतं. मला हौस सुटली. समोरची बाई गच्चीवरून पापड वाळत घालता घालता खाली माझ्या पत्र्याकडे बघते, हे मला खुपायचं. तुम्हाला काय सांगू, ती बघतही नसेल.

बापूंचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालेलं. चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधणं, जेवून उठल्यावर जेवलो का विचारणं. एवढं कुणाचं होत नाही? पण मी मनात म्हटलं — आता त्यांना कुठे कळणार आहे?

बघा. इथे आहे ते. त्यांना कळणार नाही म्हणून मी शब्द मोडला. त्यांना कळत नव्हतं म्हणून नाही.

पत्रे बदलायचेत असं सांगून बापूंना चार महिने बहिणीकडे अहमदपूरला पाठवलं. इकडे कॉलम उभे केले, स्लॅब टाकला, वर चार खोल्या काढल्या. जिना मागच्या बोळातून. आणि माझी अक्कल बघा, जुने पत्रे फेकले नाहीत. स्लॅबच्या खाली लोखंडी अँगल मारून तेच परत ठोकून घेतले. काम करणारा मिस्त्री म्हणाला, बाई, स्लॅबखाली पत्रा कुणाला पाऊस लागू नये म्हणून? मी त्याला चहा दिला आणि गप्प केलं. अंगणात मांडव घालून कारल्याचा वेल चढवला, म्हणजे बाहेर आलं तरी वरचं दिसू नये. बापूंची मान तर वर होतच नसे. जन्मभर ओझी वाहून मणके धरलेले. ह्यांनी फक्त एवढंच म्हटलं, मला यात घेऊ नको. मी घेतलं नाही. कारली मात्र त्या वर्षी इतकी लागली की मेसमधल्या पोरी रडकुंडीला आल्या.

बापू परत आले. खाटेवर आडवे झाले, डोळे वर करून पत्रा पाहिला, बरं वाटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी म्हणाले, शोभे, वर कुनीतरी चालून राहिलंय. मी म्हटलं, मांजर असंल बापू. थोडा वेळ ऐकून म्हणाले, दोन पायांचं मांजर हाय मग. तिसऱ्या दिवशी मी वानर आणलं. चौथ्या दिवशी घुशी. त्या आठवड्यात माझ्या पत्र्यावरून इतकी जनावरं गेली की सर्कशीला लाजवावं. बापू नुसते ऐकायचे. एकदा फक्त म्हणाले, घुशीनं आता लोखंडी पलंग सरकवला. मला हसू आवरेना. खरं सांगते, तोवर मला यात मजाच वाटत होती. चोरून चिंचा खाल्ल्यासारखी.

मग तो दिवस. परतीचा पाऊस, दुपारची वेळ, मी मेथी निवडत बसलेली. बाहेर चांगला दणकून कोसळत होता. बापू खाटेवर उठून बसले. दाराबाहेर हात काढला, ओला हात बघितला. मग पत्र्याकडे डोळे वर केले. परत हाताकडे पाहिलं.

"शोभे, पाऊस पडून राहिला न्हवं?"

"हाव."

"मंग पत्रा का वाजंना?"

जन्मभर भिंतींना कान लावलेला माणूस. वर मजला बांधला, माणसं आणली, हे सगळं त्यानं दाराबाहेर हात काढून ओळखलं होतं. आता फक्त माझ्या तोंडून ऐकायचं बाकी होतं. मी सांगू शकत होते. रागावले असते. अहमदपूरला निघून गेले असते, किंवा नव्या गावातल्या घरी. गल्लीत शोभा झाली असती — नावासकट. पण त्यांचं डोकं ठिकाणावर होतं हे त्यांना कळलं असतं.

मी काय म्हटलं ते जसंच्या तसं सांगते. मी म्हटलं, "वाजून राहिलाय की बापू. केवढ्यानं वाजून राहिलाय. तुम्हालाच आयकू येईना. लई विसराया लागलात, आता कान बी गेले का?"

हसत म्हटलं. लाडानं. मेथीची जुडी हातात होती.

बापूंनी कानावर तळहात ठेवला, काढला, परत ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओळखतील. पण त्यांनी भिंतीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणाले, आसंल बाई, माझाच कान गेला आसंल. मग बंडीच्या खिशातून ओळंबा काढला, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिला. ठेव तुझ्यापाशी, म्हणाले, आता मला काय कळंना. मी तो मसाल्याच्या डब्यांमागे ठेवला. अजून तिथेच आहे.

त्या दिवसापासून बापू मला विचारायला लागले. दूध हातात असायचं, तरी शोभे, हे गरम हाय का? सदरा भिजलेला असायचा, तरी शोभे, पाऊस पडून राहिला का? डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच पुढे जातो. जात असेल. आजारानं किती नेलं आणि मी किती नेलं याचा तराजू कुठल्या दवाखान्यात मिळतो? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आधीचं सांगावं लागलं असतं.

पुढची वर्षं मात्र — तुम्हाला वाटेल ही बाई निर्लज्ज आहे — पुढची वर्षं आनंदात गेली. खरंच. वरच्या पोरी जिन्यातच चपला काढायच्या आणि मांजराच्या पावलांनी चालायच्या. दुपारी खाली येऊन आजोबांजवळ बसायच्या. बापूंना त्या कामावरच्या बाया वाटायच्या. माल कालवला का, म्हणून ओरडायचे. धर्माबादची एक पोरगी होती, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणारी. ती पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून म्हणायची, हाव मिस्त्री, कालवला. मग त्या आपापली क्लासची जाडजूड पुस्तकं आणायच्या आणि बापू त्यांच्याकडून भिंत रचून घ्यायचे. सांधा तोडून लाव, यका सांध्यावर दुसरा सांधा येऊ देऊ नको. कंबरेएवढी भिंत व्हायची फिजिक्स-केमिस्ट्रीची, आणि ठोकून पाहिलं तरी हलायची नाही. परीक्षा जवळ आली की पोरी खालच्या थरातलं पुस्तक मागायच्या आणि बापू काढू द्यायचे नाहीत. मग मी मधे पडून सांगायची, मिस्त्री, मालकिणीनं भिंत दोन हात सरकवायला सांगितलीय. लगेच तयार व्हायचे.

हीच ती माझी प्रसिद्ध कला. बैल सुटला म्हणाले की मी बांधून यायची. गावच्या गेलेल्या माणसांचं विचारलं की म्हणायची, आत्ताच चहा पिऊन गेले. या खोट्यांचं मला काही वाटत नाही. ती त्यांच्यासाठी होती, त्यात ते हसले, जेवले, झोपले. पहिलं तेवढं माझ्यासाठी होतं. आणि गंमत अशी की पुढच्या सगळ्या खोट्यांनी ते असं झाकून टाकलं की मलाही कधी कधी सापडायचं नाही.

एकदा मी खिडकीच्या बाहेर पत्र्याचा एक तुकडा ठोकून घेतला, पाऊस वाजावा म्हणून. म्हटलं, एवढं तरी परत देऊ. पाऊस आला, पत्रा ताडताड वाजायला लागला. बापू दचकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, शोभे, हे वाजून राहिलंय का मलाच वाटून राहिलंय? मी म्हटलं, वाजून राहिलंय बापू. ते म्हणाले, तू म्हनतीस तर आसंल. झोपले मात्र नाहीत.

आता शेवटचं. मघापासून इकडून तिकडून फिरतेय, ते याच्याचसाठी. आतापर्यंत सांगितलं ते निम्मं ह्यांना माहीत आहे म्हटलं ना. हे त्यांनाही नाही.

बापू जाण्याच्या दोनेक महिने आधीची गोष्ट. थंडीतली सकाळ, अंगणात खुर्ची टाकून त्यांना उन्हात बसवलेलं. मी चहा घेऊन गेले. बापूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की आज ते घरी आहेत. शोभे म्हणून हाक मारली. जावई ड्युटीला गेले का विचारलं. मी मालकीण नव्हते, बिगारी बाई नव्हते. मी त्यांची लेक होते. असं वर्षभरात एखाद वेळी व्हायचं, पाव तास, अर्धा तास. मला इतका आनंद झाला की मी खालीच बसले, त्यांच्या पायाशी.

दोन घोट चहा पिऊन बापू म्हणाले, "तुला यक सांगायचं हाय. लई दिवसांचं मनात हाय. रागावू नको."

मी म्हटलं, सांगा की.

"मागं मला तुझा संशय आला हुता. मला वाटलं, तू शब्द मोडून वर मजला चढवलास. मला अहमदपुराला धाडलं ते बी त्याच्यासाठीच, आसं बी वाटलं. लेकीच्या घरचं खाऊन लेकीवरच संशय. डोकंच फिरलं हुतं माझं. माफ कर बाई."

नेमकी त्याच वेळी वर कुणीतरी खुर्ची ओढली. फरशीवर घासत गेली ती, चांगली लांब. बापूंनी ऐकली. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांनी ऐकली. पण त्यांनी वर बघायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मी काय म्हणते ते ऐकायला.

आता यात त्यांच्या जगात जाऊन बसायचं काही नव्हतं. ते आपल्याच जगात आले होते, पाय सोडून माझ्यासमोर बसले होते. पूर्ण शुद्धीत, पूर्ण बरोबर. एक वाक्य लागत होतं. बापू, तुमचा कान गेला नव्हता. मोजून पाच शब्द. मी रोज साठ पोळ्या लाटते, मला पाच शब्द जड होते का?

मी म्हटलं, "असू द्या बापू. मी कवाच माफ केलं."

मी त्यांना माफ केलं.

बापूंच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. हसले. अजून अर्धा कप मागून घेतला, तोही सगळा प्यायले. मग कप माझ्या हातात दिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लेक आसावी तर आशी."